बोल्टवाला स्टिअरिंग पुलर: जुन्या मारुती ८०० वर आणि नंतरही वापरून

जुन्या गाडीवर घरी काम करत असाल तर घट्ट बसलेलं स्टिअरिंग व्हील ओढून काढणारा हा पुलर घ्याच, फक्त त्याच्यासोबत येणारे बोल्ट डोळे झाकून लावू नका.

माझी ८०० जुनी, कार्बोरेटरवाली. इंडिकेटरचा कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगखालचा दांडीवाला) गेला होता आणि तो बदलायचा तर आधी स्टिअरिंग काढावं लागतं. हॉर्नचं पॅड निघालं, मधला नट सैल झाला, पण व्हील जागचं हलेना. इतकी वर्षं स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टच्या दात्यांवर, बसून हब (व्हीलचा मधला भाग) आणि शाफ्ट (व्हील ज्या दांड्यावर बसतं तो) गंजाने पार धरलेले. अशा वेळी बऱ्याच ठिकाणी काय करतात, तर एकाने सीटवर बसून गुडघ्यांनी व्हील वर रेटायचं आणि दुसऱ्याने शाफ्टच्या टोकावर हातोडा हाणायचा. निघतं कधीकधी, पण तो सगळा मार कॉलमच्या, म्हणजे शाफ्ट ज्या नळीत फिरतो तिच्या, बेअरिंगवर जातो, शाफ्टचं टोक फुलतं आणि मग नट परत आट्यात बसत नाही. आणि ज्या गाड्यांचा कॉलम अपघातात आत दबावा म्हणून बनवलेला असतो, त्यातल्या काहींमध्ये प्लास्टिकच्या पिना असतात, त्या अशा ठोकाठोकीत तुटतात. मित्राच्या गाडीचं एका गॅरेजमध्ये हेच झालं, व्हील बसवून दिलं पण कॉलम पुढेमागे खेळायला लागला, बिचारा नंतर भंगारात कॉलम शोधत फिरत होता. स्टिअरिंग आहे हो ते, तिथे असली धसमुसळी चालत नाही.

पुलर पुण्यात बोहरी आळीतून घेतला, पाचशेच्या आत. जाड लोखंडी पट्टी, मध्ये मोठा स्क्रू, दोन्ही बाजूंना लांबट खाचा, एवढंच. हबवर नटच्या आजूबाजूला आटे पाडलेली दोन भोकं असतात, खाचांमधून बोल्ट घालून त्यात पिळायचे, मधला स्क्रू शाफ्टवर टेकवायचा आणि आवळत जायचं. जोर फक्त हब आणि शाफ्टमध्ये राहतो, कॉलमला काही लागत नाही, म्हणून मला हे हत्यार आवडतं.

आता बोल्टचं. पाकिटात एमएमचे आणि इंची एकत्र भरलेले होते. माझ्या हबची भोकं ८ एमएम, १.२५ पिचची (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ एमएम). ५/१६ इंची बोल्ट दिसायला डिट्टो तसाच, ७.९४ एमएमचा, हाताने एक-दोन आटे आत जातोही आणि मग अडकतो. तिथे पाना लावलात की हबचे आटे गेले, आणि आटे गेले की पुलर धरणार कशाला? एमएमचे जे होते तेही नरम लोखंडाचे वाटले, डोक्यावर काही नंबरच नाही. मी सरळ ८.८ मार्कवाले हायटेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट जाड वॉशरसकट वेगळे आणले, किरकोळ खर्च आहे.

काढताना बॅटरीची निगेटिव्ह काढा, चाकं सरळ ठेवा, हब आणि शाफ्टवर पंचने एक रेघ मारून ठेवा नाहीतर नंतर गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंग वाकडं दिसतं. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच सोडा. आणि नट पूर्ण काढून टाकू नका, वरचे काही आटे धरून राहू द्या, कारण हब सुटतो तो झटक्यात सुटतो आणि व्हील सरळ तोंडावर येतं. माझा नुसत्या आवळण्याने निघाला नाही. स्क्रू चांगला ताणला, तसाच थोडा वेळ ठेवला, मग स्क्रूच्या डोक्यावर छोट्या हातोडीने हलके टोले दिले तेव्हा खाडकन आवाज आला आणि व्हील नटला येऊन अडकलं. मागे हॉर्नची कॉन्टॅक्ट रिंग आणि इंडिकेटर परत आणणारा कॅम शाबूत, हे महत्त्वाचं, ते प्लास्टिक या वयात लगेच तुटतं.

त्यानंतर जिप्सी, ओम्नी, ओळखीतल्या बऱ्याच गाड्यांवर वापरून झाला. पट्टी अजून सरळ आहे, वाकलेली नाही. स्क्रूचं टोक थोडं चपटं झालं होतं, कानशीने गोल केलं. काळा मुलामा मात्र एका पावसाळ्यातच गेला आणि गंज धरला, आता तेल लावून कापडात गुंडाळून ठेवतो. स्क्रूच्या आट्यांना दर वेळी ग्रीस लावतो, नाहीतर आवळताना करकरतो.

हबला आट्याची भोकंच नसतील तर हा उपयोगाचा नाही, त्याला पायवाला पुलर लागतो आणि त्याचे पाय हबच्या खालीच धरले पाहिजेत, स्पोकला लावलात तर व्हील वाकतं. एअरबॅगवाल्या गाडीला घरी हात लावू नका.