वेबॅक मशीन : पान मिळते, मजकूर मिळवावा लागतो

नाहीसे झालेले संकेतस्थळ पुन्हा पाहायचे असेल, तर आजही पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा आधार वेबॅक मशीन या सेवेचाच असतो. सॅन फ्रान्सिस्को येथील इंटरनेट अर्काइव्ह ही ना-नफा संस्था ती चालवते. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये ही संस्था स्थापन केली, तेव्हापासून साठवलेली पाने ऑक्टोबर २००१ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये साठा एक लाख कोटी पानांवर पोहोचल्याचे संस्थेने जाहीर केले. वापरण्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत, जुनी पाने पाहण्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि जाहिरातीही नाहीत. इतके असूनही, जुने मराठी संकेतस्थळ शोधायला बसलेल्या माणसाला या सेवेकडून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे नीट मांडून ठेवण्याजोगे आहे, कारण त्यातले बरेचसे प्रश्न इंग्रजी पाने धुंडाळणाऱ्याच्या वाट्याला येतच नाहीत.

वापर सोपा आहे. शोधपेटीत संकेतस्थळाचा पत्ता दिला की वर वर्षांची पट्टी आणि खाली त्या वर्षाचे कॅलेंडर दिसते, आणि ज्या दिवशी पान टिपले गेले त्या तारखेवर गोल ठिपका असतो. ठिपक्याचा रंग पाहण्याची सवय लावून घ्यावी. निळा म्हणजे पान व्यवस्थित मिळाले होते. हिरवा म्हणजे त्या पत्त्याने दुसरीकडे वळवले होते. नारिंगी आणि लाल ठिपक्यांमागे बहुधा ‘पान सापडले नाही’ किंवा ‘सर्व्हर बंद आहे’ एवढाच निरोप साठवलेला असतो. बंद पडलेल्या संकेतस्थळाचे डोमेन, म्हणजे नोंदवलेले नाव, पुढे भलत्याच कोणी विकत घेतलेले असते, त्यामुळे अगदी अलीकडची निळी नोंद उघडली की कथा-कवितांच्या जागी जुगाराच्या जाहिराती दिसतात आणि शोधणारा निराश होऊन परत फिरतो. अशा वेळी कॅलेंडरात चार-पाच वर्षे मागे जावे. मूळ पाने सहसा तिथेच असतात.

पहिली खरी अडचण शोधाची आहे. पत्त्याऐवजी शब्द टाकून शोधण्याची सोय दिसते खरी, पण ती पानांमधला मजकूर शोधत नाही. संकेतस्थळांच्या मुखपृष्ठांविषयीच्या माहितीपुरतीच ती चालते, आणि मराठी शब्दांसाठी तिचा उपयोग जवळपास शून्य आहे. म्हणजे एखादा लेख आठवतो, त्यातली ओळही आठवते, पण पत्ता आठवत नाही, अशा माणसाला ही सेवा मदत करू शकत नाही. पत्ता मिळवण्याचे काम बाहेरच करावे लागते : जुन्या ईमेलमध्ये, छापील दिवाळी अंकाच्या मागच्या पानावर, विकिपीडियाच्या एखाद्या लेखाच्या तळटिपांत, किंवा दुसऱ्या कुणाच्या अनुदिनीवरच्या (ब्लॉगवरच्या) ‘माझे आवडते दुवे’ या यादीत. ही शेवटची जागा फार फलदायी ठरते. २००६ ते २०१२ या काळातल्या मराठी अनुदिनीकारांनी एकमेकांचे दुवे इतक्या अगत्याने देऊन ठेवले आहेत, की टिकून राहिलेल्या एका अनुदिनीच्या जुन्या प्रतीवरून गेलेल्या अनेकांचा माग लागतो.

मुख्य पत्ता माहीत असेल, तर त्या डोमेनखालची सगळी पाने एकत्र पाहण्याची सोय मात्र उत्तम आहे. पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ आणि तारांकन (/*) जोडले की टिपलेल्या पत्त्यांची यादी समोर येते आणि तिच्यावरच्या गाळणीत ‘दिवाळी’ किंवा ‘कथा’ यांसारख्या शब्दाचे रोमन स्पेलिंग टाकून यादी छाटता येते. मुखपृष्ठावरचे दुवे पुढे नेईनासे झाले, तरी लेखाचे पान या यादीत स्वतंत्रपणे सापडते. गूगलच्या ब्लॉगस्पॉट या सेवेवरची अनुदिनी शोधणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१२ पासून काही वर्षे भारतातल्या वाचकाला डॉट कॉमऐवजी ब्लॉगस्पॉट डॉट इन या पत्त्यावर वळवले जात असे, त्यामुळे त्या काळात लोकांनी एकमेकांना दिलेले असंख्य दुवे डॉट इनचे आहेत, आणि ते डोमेन २०२० मध्ये गूगलच्या हातून निसटले. वेबॅक मशीनच्या लेखी हे दोन वेगळे पत्ते आहेत. एका पत्त्याखाली काही मिळाले नाही, तर दुसरा टाकून पाहिल्याशिवाय शोध सोडू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. समजा पत्ता मिळाला, २००१ सालचा निळा ठिपका मिळाला, पान उघडले, शीर्षकपट्टी, रंग, रकाने सगळे जागच्या जागी आहे, आणि मजकुराच्या जागी रोमन अक्षरे, उच्चारचिन्हे, पौंडाचे चिन्ह, अपूर्णांक आणि रिकामे चौकोन यांची खिचडी आहे. पान खराब झालेले नाही. ते १९९७ ते २००५ या काळात जसे लिहिले गेले, तसेच समोर आले आहे.

जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणात देवनागरीला १९९१ पासूनच जागा होती, परंतु घरगुती संगणकांवर ती नीट दिसू लागायला विंडोज २००० आणि त्यानंतरचा एक्सपी यावा लागला. त्याआधीच्या मराठी संकेतस्थळांनी मग एक युक्ती केली : इंग्रजी आणि युरोपीय अक्षरांचे संकेतांक (संगणक अक्षर ज्याने ओळखतो तो क्रमांक) वापरायचे, आणि फॉन्टमध्ये त्या अक्षरांच्या चित्राऐवजी देवनागरीचे तुकडे बसवायचे. पुण्याच्या सी-डॅकचे सुरेख कुळातले फॉन्ट, श्रीलिपीचे फॉन्ट, आकृती, शिवाजी, किरण असे प्रत्येकाचे कोष्टक निराळे होते. वाचकाने फॉन्ट उतरवून घेण्याचा खटाटोप करू नये म्हणून ‘डायनॅमिक फॉन्ट’ आले. पान उघडले की फॉन्ट आपोआप येत असे. इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरसाठी ईओटी आणि नेटस्केप या ब्राउझरसाठी पीएफआर अशा दोन वेगवेगळ्या स्वरूपांच्या फॉन्टच्या फायली ठेवाव्या लागत. नेटस्केपच्या पुढच्या पिढीनेच पीएफआरचा आधार काढून टाकला, आणि इंटरनेट एक्सप्लोरर २०२२ च्या जूनमध्ये निवृत्त झाला. शिवाय ईओटी फाइल सहसा तिच्या मूळ डोमेनला जखडलेली असे, म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळाने ती उचलून वापरू नये अशी व्यवस्था होती. त्यामुळे वेबॅक मशीनने फॉन्टची फाइल निष्ठेने जपून ठेवली असली, तरी पान आता दुसऱ्याच पत्त्यावरून उघडते आहे आणि ती फाइल लागू होत नाही. जतन करणाऱ्याकडून यात काहीच चुकलेले नाही, आणि वाचकाच्या हाती तरीही काही लागत नाही.

मजकूर परत मिळवता येतो, मात्र हाताने काम करावे लागते. आधी पानाचा मूळ स्रोत पाहून ‘फॉन्ट फेस’ या खुणेपुढे कोणते नाव आहे ते पाहावे. तो फॉन्ट मिळाला आणि संगणकावर बसवला, तर काही पाने जादू झाल्यासारखी उजळतात. काही तरीही उजळत नाहीत, आणि त्यातल्या बऱ्याच पानांच्या माथ्यावर ‘एक्स-युजर-डिफाइन्ड’ असा संकेतसंच (कोणता संकेतांक म्हणजे कोणते अक्षर हे ठरवणारे कोष्टक) घोषित केलेला आढळेल. आजचे ब्राउझर अशा पानातल्या वरच्या १२८ संकेतांकांना युनिकोडच्या खासगी वापराच्या भागात नेऊन ठेवतात, आणि फॉन्ट मात्र तीच चिन्हे युरोपीय अक्षरांच्या जागी शोधत बसतो.

इथे वेबॅक मशीनची एक फारशी माहीत नसलेली सोय कामी येते. जतन केलेल्या पानाच्या पत्त्यात तारीख-वेळेचे चौदा अंक असतात. त्या अंकांना लागूनच ‘आयडी’ ही दोन इंग्रजी लहान अक्षरे आणि एक अंडरस्कोर (id_) जोडला, की वरची पट्टी, बदललेले दुवे वगैरे काहीही न जोडता मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. ती उतरवून घ्यावी, मजकूर-संपादकात विंडोज-१२५२ हा संकेतसंच निवडून उघडावी, आणि मग त्या विशिष्ट फॉन्टसाठी बनवलेल्या रूपांतरकात, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकावी. ‘विशिष्ट फॉन्टसाठी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण सुरेखचा मजकूर शिवाजीच्या रूपांतरकातून काढला तर एका निरर्थकाचे दुसरे निरर्थक होते. चांगल्या रूपांतरकालाही नुसती अक्षरांची अदलाबदल करून भागत नाही. या फॉन्टांत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, उच्चाराच्या क्रमाने नव्हे : ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, रफार अक्षराच्या नंतर येतो, आणि काही फॉन्टांत तर ‘ग’ हे एक अक्षर नसून अर्धा ग आणि उभा दंड अशा दोन तुकड्यांनी बनलेले असते. त्यामुळे रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि ‘र्‍या’ यांवरून एकदा डोळे फिरवावेच लागतात. सामान्य लांबीच्या लेखाला एवढे सगळे करायला अर्धी संध्याकाळ जाते, आणि माझ्या मते ती सत्कारणी लागते. परंतु सहज म्हणून जुने पान पाहायला आलेला वाचक हे करणार नाही, हेही तितकेच खरे. संस्थेने अशा पानांवर निदान ‘हा मजकूर जुन्या फॉन्टमधील आहे’ अशी सूचना दाखवली असती, तरी पुष्कळांचा गैरसमज टळला असता. तमिळ, तेलुगू आणि हिंदी पानांचीही गत हीच आहे.

याच्या उलट, युनिकोडमध्ये जन्मलेले मराठी जाळे या साठ्यात छान टिकले आहे. लेख, त्यावरचे प्रतिसाद, प्रतिसादांतली भांडणे, सगळे सुवाच्य आहे. चित्रांची हमी मात्र धरू नये. दाखवलेले पान एकाच क्षणी टिपलेले असते असेही नाही. मजकूर एका दिवसाचा आणि कोपऱ्यातले चित्र त्यानंतर कित्येक महिन्यांनी टिपलेले, असे सर्रास घडते. वरच्या पट्टीतील ‘या प्रतीविषयी’ हा भाग उघडला की प्रत्येक घटकाची वेळ कळते, आणि पुरावा म्हणून पान वापरणाऱ्याने तो भाग पाहिलाच पाहिजे.

काही गोष्टी या यंत्राच्या आवाक्यातच नाहीत. क्रॉलर, म्हणजे पाने टिपत फिरणारा प्रोग्रॅम, दुव्यांवरून चालतो. अर्जात गाव, तालुका किंवा बैठक क्रमांक भरल्यावर जे पान तयार होते ते त्याला दिसत नाही, म्हणून परीक्षांचे निकाल किंवा सातबारा उतारे इथे शोधण्यात अर्थ नाही. अनेक भारतीय सरकारी संकेतस्थळे देशाबाहेरून उघडत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नोंदी विरळ आहेत. फेसबुकवरचा मजकूर तर जवळजवळ नसल्यातच जमा.

आणि सेवा स्वतः अढळ आहे असेही समजू नये. ऑगस्ट २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या चित्रपट-चाचेगिरीसंबंधीच्या आदेशानंतर भारतातल्या इंटरनेट कंपन्यांनी ज्या हजारो पत्त्यांवर बंदी घातली त्यात इंटरनेट अर्काइव्हही सापडले होते आणि काही काळ इथून ते उघडत नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ला झाला, तीन कोटींहून अधिक खात्यांची माहिती चोरीस गेली, आणि वेबॅक मशीन काही दिवस बंद राहून मग केवळ वाचण्यापुरते सुरू झाले. याखेरीज, संकेतस्थळाच्या मालकाने विनंती केली तर त्याची पाने साठ्यातून दिसेनाशी होऊ शकतात. म्हणून ज्या पानाची खरोखर गरज आहे, त्याची एक प्रत आपल्या संगणकावरही ठेवावी. सिंगलफाइल हे ब्राउझरचे विस्तारक (एक्स्टेन्शन) अख्खे पान चित्रांसह एका फाइलीत बांधून देते.

नवे पान जतन करण्यासाठीची ‘सेव्ह पेज नाऊ’ ही पेटी मात्र कोणीही डोळे झाकून वापरावी इतकी चांगली आहे. पत्ता टाकायचा, थोडे थांबायचे, कायमचा दुवा हाती येतो. विनामूल्य खाते उघडले तर त्या पानावरून बाहेर जाणारे दुवेही एकाच वेळी जतन करता येतात आणि पानाचे चित्रही घेता येते. दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेचे पान असे जतन केले की सगळे लेख एका दमात आत जातात. क्रोम आणि फायरफॉक्ससाठी संस्थेचे अधिकृत विस्तारकही आहे, ते पान सापडले नाही की जुनी प्रत सुचवते. वेग बेताचा आहे, आणि एकापाठोपाठ एक फार पत्ते टाकले तर सेवा काही वेळ थांबायला सांगते. संदर्भासाठी दुवा देताना मूळ पत्ता आणि जतन केलेला पत्ता दोन्ही द्यावेत, आणि तारीख लिहिताना एवढे पाहावे की पत्त्यातले चौदा अंक जागतिक प्रमाणवेळेचे असतात. आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आधी जतन केलेल्या पानावर आदल्या दिवसाची तारीख पडते.