पुढचा रुपया कुठे: रणगाडा, शेजारी की दवाखाना?

दर फेब्रुवारीत व्हॉट्सॲपवर तेच चित्र फिरतं. डावीकडे संरक्षण, उजवीकडे आरोग्य, खाली एक संतापलेली ओळ. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते आणि आरोग्य मंत्रालयाला लाखभर कोटींच्या जरा आत. जवळपास सातपट. त्यावर दुसऱ्या गटाचं उत्तर ठरलेलं: सीमेवर जवान जागा आहे म्हणून तुम्ही निवांत झोपता. या भांडणात बाजू घ्यायची असेल, तर आधी हा सातपटीचा हिशेब दुरुस्त करून घ्या.

संरक्षणाचा सगळा खर्च दिल्लीच्या खात्यातून होतो. आरोग्य हा मात्र राज्यांचा विषय. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरचा, सिस्टरचा पगार मुख्यतः राज्य देतं. केंद्र आणि राज्यं एकत्र धरली तर २०२१-२२मध्ये सरकारचा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०२५-२६चं संरक्षण १.९ टक्क्यांच्या आसपास. वर्षं वेगळी आहेत, पण सातपट उरत नाही एवढं नक्की. शिवाय दोन्ही खर्च आपापल्या उद्दिष्टापेक्षा कमीच. २०१७च्या आरोग्य धोरणात २०२५पर्यंत २.५ टक्के गाठायचे होते. संरक्षणाला ३ टक्के द्या, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने केलेली आहे. तेव्हा कोणाला जास्त मिळतं यावर वाद घालण्यापेक्षा वाढीव पैसा नेमका कशावर जाणार हे विचारलेलं बरं.

संरक्षणाच्या ६ लाख ८१ हजार कोटींत १ लाख ६० हजार कोटींहून जास्त निव्वळ पेन्शन आहे. विमानं, जहाजं, तोफा अशा भांडवली खर्चाला १ लाख ८० हजार कोटी. उरलेल्यातला मोठा भाग पगार, रेशन, इंधन, दारूगोळा, देखभाल. म्हणजे ‘संरक्षणावरचा खर्च वाढवा’ म्हटलं की डोळ्यांपुढे क्षेपणास्त्र येतं, पण चार आण्यांहून थोडंच जास्त तिकडे जातं.

यात वाईट काही नाही. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या लोक फौजेत जातात. तिथे माजी सैनिकाची पेन्शन हीच घराची सामाजिक सुरक्षा असते. मुलांच्या फीपासून आईच्या औषधापर्यंत सगळं तीतून भागतं. २०२२ला सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, शेवटी एकरकमी सेवानिधी, पेन्शन नाही, आणि पुढे कायम होणारे फक्त २५ टक्क्यांपर्यंत. पेन्शनचं ओझं दीर्घकाळात हलकं होईल हे खरं, पण ते सरकारच्या वहीतून निघून अशाच घरांच्या वहीत येणार आहे. ‘बंदुका विरुद्ध कल्याणकारी योजना’ ही फाळणी इथे लागूच पडत नाही.

आता परदेशी मदत. ‘आपल्याकडे एवढी गरिबी असताना बाहेर पैसे कशाला?’ हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो. पण रक्कम बघा. २०२५-२६मध्ये परराष्ट्र मंत्रालयाची इतर देशांना मदत साधारण साडेपाच हजार कोटींची होती. एप्रिल २०२५मध्ये नौदलासाठी २६ राफेल घ्यायचा करार झाला तो सुमारे ६३ हजार कोटींचा. शस्त्रं, प्रशिक्षण, सुटे भाग धरून विमानामागे अडीच हजार कोटींच्या जरा आत. म्हणजे सगळी परदेशी मदत बंद केली तरी हाती येतात दोन-सव्वादोन विमानं.

आणि गमवायचं काय? मदतीतला सगळ्यात मोठा वाटा, २,१५० कोटी, भूतानचा. २०१७ला डोकलाममध्ये आपले जवान चिन्यांसमोर ७३ दिवस उभे राहिले, ती जमीन भूतान आपली मानतो. भूतानच्या सरकारने त्या वेळी वेगळा सूर लावला असता तर तिथे उभं राहणं किती अवघड झालं असतं, याचा विचार करा. मालदीवमध्ये राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू ‘इंडिया आउट’च्या लाटेवर निवडून आले, मे २०२४पर्यंत आपले सैनिक तिथून परत आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परकीय चलनाची चणचण भासल्यावर तेच मुइझ्झू दिल्लीत आले आणि ४० कोटी डॉलर व ३ हजार कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीचा करार करून गेले. युद्धनौका पाठवून हे साधलं नसतं. श्रीलंकेला २०२२मध्ये दिलेला सुमारे ४ अब्ज डॉलरचा आधार बराचसा कर्जरूपात होता. तो खैरात म्हणून मोजणारे चुकतात.

ब्रिटनने नेमकं उलट केलं. फेब्रुवारी २०२५मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी संरक्षण २०२७पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं जाहीर केलं आणि त्यासाठी परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. त्यांच्याच मंत्री ॲनालिस डॉड्स यांनी राजीनामा दिला. तिथे निदान मदतीची रक्कम मोठी होती, कापल्यावर हाती काही लागत होतं. आपल्याकडे तेही नाही.

मग उरतो खरा सामना: शस्त्रखरेदी आणि घरातल्या सेवा. इथे माझं माप आरोग्याचं नाही, म्हातारपणाचं आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ६० ते ७९ वयाच्या माणसाला केंद्राकडून महिन्याला २०० रुपये मिळतात. २००७लाही २००च होते. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेची भर घालून १,५०० होतात, तेही दर वर्षी हयातीचा दाखला दिल्यावर. ज्या राज्याची तिजोरी रिकामी, तिथल्या म्हातारीला ही भर किती मिळणार, ते तिथल्या सरकारवर.

केंद्राच्या या योजनेत सुमारे २.२ कोटी वृद्ध आहेत. त्यांतल्या २०० मिळणाऱ्या सगळ्यांना ५०० दिले तर जादा खर्च वर्षाला आठ हजार कोटींच्या आत. २०२४-२५ ते २०२५-२६ या एका वर्षात संरक्षणाची तरतूद ५९ हजार कोटींनी वाढली. त्या वाढीचा हा सातवा हिस्साही नाही.

मी ठरवणारा असतो तर मदतीला हात लावला नसता. उलट नेपाळ-श्रीलंकेसाठी थोडी वाढवली असती. संरक्षणातली वाढ भांडवली खर्चाला बांधली असती, त्यातही ओझरचा एचएएलचा विमान कारखाना किंवा माझगाव डॉकची जहाजगोदी यांच्यासारख्या ठिकाणी काम देणाऱ्या खरेदीला आधी. आणि ते आठ हजार कोटी वाढीतून पहिल्यांदा बाजूला काढले असते. चीनची सीमा पुन्हा तापू शकते म्हणून तुमचा क्रम वेगळा असू शकतो. तो युक्तिवाद मला पटण्यासारखा आहे. फक्त त्यासाठी पैसे भूतानच्या वाट्यातून काढू, असं कुणी म्हणालं तर त्याला विमानाची किंमत विचारा.