बारीक विणीचे सुती स्वेटर: सहा वर्षांच्या वापरानंतर

एकाच उत्पादकाचे बारीक विणीचे दोन सुती स्वेटर माझ्या वापरात आहेत. गोल गळ्याचा गडद निळा स्वेटर सहा वर्षांपूर्वी घेतला आणि कॉलर व तीन बटणे असलेला राखाडी स्वेटर तीन वर्षांपूर्वी. दोन्हींच्या लेबलवर ‘शंभर टक्के लांब धाग्याचा कापूस’ असे छापलेले आहे आणि विकत घेताना दोन्ही हाताला सारखेच मऊ लागले होते. किंबहुना राखाडी स्वेटर अंमळ अधिकच मऊ होता. आज मात्र दोन्ही शेजारी ठेवले, तर सहा वर्षांचा निळा स्वेटर नवा वाटतो आणि तीन वर्षांचा राखाडी स्वेटर जुना.

दोघांच्या वापरात फारसा फरक नाही. दोन्ही साधारण आठवड्यातून एकदा अंगावर येतात, दोन्ही उलटे करून, जाळीच्या पिशवीत घालून, ३० अंशांच्या पाण्यात धुतले जातात आणि आडवे पसरून वाळवले जातात. त्यामुळे हा फरक धुण्यातला नसून घडणीतला आहे, असे मला खात्रीने म्हणावेसे वाटते.

त्याचा पुरावा स्वेटरसोबत मिळालेल्या छोट्या पाकिटांत सापडला. चांगल्या विणकामाच्या कपड्याबरोबर दुरुस्तीसाठी थोडे सूत आणि एखादे जादा बटण दिलेले असते. निळ्या स्वेटरचे सूत चिमटीत धरून त्याचा पीळ उलटा फिरवला, तेव्हा त्याचे दोन स्वतंत्र धागे वेगळे झाले. राखाडीचे सूत तसेच उलगडले, तेव्हा हातात फक्त सुटा कापूस आला. पहिले दुपदरी सूत आहे, दुसरे एकपदरी. दुपदरी सुतात प्रत्येक धाग्याचा पीळ एका दिशेला आणि दोन्ही धागे एकत्र वळताना दिलेला पीळ विरुद्ध दिशेला असतो, त्यामुळे सूत तोलात राहते. एकपदरी सुताचा पीळ मात्र संधी मिळताच सुटू पाहतो, आणि ती संधी त्याला पाण्यात मिळते. राखाडी स्वेटरची बगलेखालची शिवण दहा-बारा धुण्यांतच पोटाकडे सरकली आणि आज ती कमरेशी जवळजवळ चार बोटे पुढे आली आहे. कपडा अंगावर कितीही नीट ओढला तरी तो तिरकाच बसतो. याबद्दल विक्रेत्याला कळवल्यावर धुण्यात चूक झाली असावी, असे उत्तर आले. ते मला अजिबात पटले नाही, कारण त्याच पाण्यात धुतलेल्या निळ्या स्वेटरची शिवण आजही जागच्या जागी आहे.

कापसाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. नेहमीच्या कापसाचा तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब असतो, तर गॉसिपियम बार्बाडेन्स या जातीच्या अतिलांब धाग्याच्या कापसाचा तंतू ३५ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब. तंतू जितका लांब, तितकी सुताच्या पृष्ठभागावर डोकावणारी टोके कमी. आणि घर्षणाने गुंता होऊन कपड्यावर जे गोळे येतात, ते याच टोकांतून तयार होतात. निळ्या स्वेटरवर सहा वर्षांत फक्त खांद्यावर, पिशवीचा पट्टा घासतो तिथे, थोडी लव उठली आहे. राखाडीवर पहिल्याच वर्षी बगलेत आणि कोपरांवर गोळे आले. ते यंत्राने काढता येतात, पण प्रत्येक वेळी थोडा कापूसही जातो, म्हणून मी ते वर्षातून एकदाच काढते. दुकानात जाणवलेला राखाडीचा मऊपणा बहुधा अंतिम प्रक्रियेत चढवलेल्या लेपाचा असावा, कारण पाच-सहा धुण्यांत तो उरला नाही. निळा स्वेटर उलट दरवर्षी अधिक मऊ होत गेला.

निळ्याच्या रंगाचेही कौतुक केले पाहिजे. कडांवर तो किंचित फिका झाला असला, तरी त्याची चमक टिकून आहे, कारण त्याचे सूत मर्सराइज केलेले आहे. जॉन मर्सर याने १८५० मध्ये पेटंट घेतलेल्या या पद्धतीत कापसावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया होते. पुढे सूत ताणून धरून ती करू लागल्यावर त्याला आजची चमक आली. तंतू फुगून गोलसर होतो आणि रंग अधिक चांगला धरतो.

घडणीतला दुसरा फरक गळ्याशी आणि बाहीशी दिसतो. निळ्या स्वेटरचे भाग यंत्रावरच आकार देऊन विणलेले आहेत. बाहीच्या जोडाजवळ टाके कमी केल्याच्या खुणांची तिरकी ओळ उमटलेली आहे आणि गळ्याची पट्टी टाक्याला टाका जुळवून जोडली आहे. राखाडीचे भाग विणलेल्या कापडातून कापून ओव्हरलॉकने, म्हणजे कापलेली कड धाग्यांनी गुंडाळत शिवणाऱ्या यंत्राने, शिवले आहेत. आतून ती शिवण जाड लागते आणि कॉलरच्या मागे एके ठिकाणी ती उसवलीही आहे. विकत घेण्याआधी कपडा उलटा करून पाहिला असता, तर हे दुकानातच कळले असते.

एक दोष मात्र दोन्हींत आहे. मनगटाची आणि कमरेची रिब, म्हणजे उभ्या रेघांच्या विणीची ताणली जाणारी पट्टी, दिवसभराच्या वापराने सैल पडते. लोकरीच्या तंतूत नैसर्गिक कुरळेपणा असल्याने ती ताणली तरी पूर्ववत होते. कापसात तो गुण नाही. बाह्या कोपरापर्यंत सारण्याची सवय असलेल्यांनी हे लक्षात घ्यावे. धुतल्यावर रिब बऱ्याच अंशी आवळते, पण पहिल्या दिवसाइतकी नाही. काही उत्पादक रिबमध्ये इलास्टेन हा रबरासारखा ताणणारा कृत्रिम धागा घालतात. त्याने आरंभी पकड चांगली येते, परंतु तो धागा आधी दम सोडतो आणि मग रिब लाटांसारखी वळते. शुद्ध सुती रिबचा सैलपणा मला त्यापेक्षा स्वीकारार्ह वाटतो. ओला सुती स्वेटर मात्र कधीही दोरीवर टांगू नये. ओला कापूस कोरड्यापेक्षा मजबूत असतो हे खरे, पण शोषलेल्या पाण्याच्या भाराने टाके खाली ओढले जातात आणि स्वेटर लांबतो.

निळ्या स्वेटरची शिफारस मी निःसंकोच करते; राखाडीची करणार नाही. गेल्या महिन्यात पट्ट्याच्या बकलामुळे दोन्हींना पोटाजवळ बारीक भोके पडली, तेव्हा पाकिटातल्या सुताने दोन्ही रफू करायला घेतले. निळ्याचे रफू आता बोटांनी शोधावे लागते. राखाडीचे सूत दोनदा सुईच्या नेढ्यातच तुटले, आणि ते भोक शेवटी निळ्याच्या उरलेल्या सुताने भरले.