सरकारी विद्यापीठातलं एमसीए : पहिल्या वर्षाचा अनुभव

ग्रॅज्युएशन झालेले बरेच जण विचारतात की इथंच मराठवाड्यात सरकारी विद्यापीठात एमसीए (मास्टर ऑफ कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स) करावं का सरळ पुणं गाठावं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझं पहिलं वर्ष संपत आलंय, बीएस्सी मॅथ्स करून आले आणि शाळा पूर्ण मराठी मिडियमची.

आपल्याकडं संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ १९९४ चं, दोन्हीकडं कॉम्प्युटर शिकायची सोय आहे. एमसीए आधी तीन वर्षांचं होतं, २०२० पासून दोनच वर्षांचं झालंय, त्यामुळं सिलॅबस लै पळवतात.

मला सगळ्यात पटलेला विषय डीबीएमएस, म्हणजे माहिती डेटाबेसच्या टेबलांत नीट कशी ठेवायची ते. मॅडमनी सुरुवातीलाच मोंढ्यातल्या आडतीची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, फळ्यावर काढली, शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाईल, सोयाबीन, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं एकाच ओळीत. मग विचारलं, ह्यानं हंगामात दहादा माल आणला आणि मधेच नंबर बदलला तर? दहा ओळींत दुरुस्ती, त्यातली एक राहिली की पेमेंटचा मेसेज भलत्यालाच. म्हणून शेतकऱ्याचं टेबल वेगळं, मालाचं वेगळं, आणि पट्टीत नुसता त्यांचा आयडी. पण भाव मात्र पट्टीतच ठेवायचा, मालाच्या टेबलात नाही, कारण भाव रोज बदलतो आणि तिथं आजचा भाव टाकला की मागच्या सगळ्या पट्ट्यांचा हिशोब बिघडणार. एडगर कॉडनं १९७० ला मांडलेलं रिलेशनल मॉडेल आणि ते नॉर्मलायझेशन, म्हणजे अशी टेबलं वेगळी करणं, पुस्तकातल्या व्याख्येतून जे कळलं नसतं ते त्या तासाला डोक्यात बसलं.

मिनी प्रोजेक्ट आमच्या ग्रुपनं ह्याच्यावरच घेतला. आडतीवर जाऊन मुनीमजींजवळ बसलो तेव्हा कळलं की शेतकरी पेरणीच्या वेळी उचल घेतो आणि ती पुढं पट्टीतून थोडी थोडी कापतात, आमच्या डिझाईनमध्ये उचलीला जागाच नव्हती, मग वेगळं टेबल करून प्रत्येक कपात तारखेसकट त्यात धरली. सिस्टीम ॲनालिसिस म्हणजे हेच, काम करणाऱ्याला नीट विचारणं, आणि इथं आपल्या पोरांची बाजू भक्कम आहे असं मला मनापासून वाटतं. आडत, जिनिंग, कारखान्याचा काटा हे आपल्याला माहितीये, बाहेरच्याला आधी शिकावं लागतं.

आता कमी काय ते. लॅबमधले पीसी जुने आहेत आणि उन्हाळ्यात लाईट जाते, त्यामुळं पोस्टग्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर स्वतःच्या लॅपटॉपवर टाकून घ्या, फुकट आहे. क्लाऊड, गिट, रिॲक्ट वगैरे वर्गात नुसतं वरवर होतं, ते आपलं आपणच करायचं, एनपीटीईएलचे ऑनलाईन कोर्स चांगलेत. कॅम्पसला कंपन्या कमी येतात, नोकरीसाठी बहुतेकांना शेवटी पुण्यालाच जावं लागतं, सिनियर पण तेच सांगतात. फी मात्र प्रायव्हेटच्या मानानं फारच कमी, महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला विसरू नका.

व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा इंग्लिशमधून असते, त्याची भीती घेऊ नका. रोज रूममेटला एक कन्सेप्ट इंग्लिशमधून मोठ्यानं समजावून सांगायची, मला त्याचाच सगळ्यात फायदा झाला. बीकॉम, बीएवाल्यांनी बारावीला किंवा ग्रॅज्युएशनला मॅथ्स होतं का ते आधी बघा आणि मगच सीईटीचा फॉर्म भरा. कॉम्प्युटरचं बॅकग्राऊंड नसेल तर ब्रिज कोर्स पण करावा लागतो, तो हलक्यात घेऊ नका, सी लँग्वेज आणि डेटा स्ट्रक्चरचा पाया तिथंच होतो.