केबलवाल्याचा मराठी-कन्नड डबल पॅक: घ्यावा काय नको

बेळगावात टिळकवाडीत आमच्याकडं हा पॅक आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही चॅनेल एकत्र. पिक्चर क्लिअर, पाऊस लागला तरी डिशसारखं गपकन जात नाही, तेवढं चांगलं. केबलवाला मात्र फोन उचलत नाही आणि उचलला तरी "संध्याकाळी माणूस पाठवतो की" म्हणतो, कुठली संध्याकाळ ते सांगत नाही.

तरी पण घ्या म्हणतो मी, आणि ते सीरियलसाठी नाही, बातम्यांसाठी. 6 डिसेंबर 2022 ला महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरनं इथल्या हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली. झाली ती खरीच, एसटी पण बंद झाल्या. पण टीव्हीवर त्याच फुटलेल्या काचा दिवसभर फिरवून फिरवून, खाली लाल पट्टी, मागं ढॅणढॅण म्युझिक, ठाण्याची आत्या रडकुंडीला येऊन फोनवर "दारं लावून बसा, बेळगाव पेटलंय म्हणे" आणि इकडं आई गणपत गल्लीत मेथीच्या पेंडीवरनं घासाघीस करत होती. कन्नड चॅनेल लावलं तर तिथं पुण्यात कर्नाटकच्या बसेसना काळं फासतानाचं फुटेज, तेच, परत परत. दोन्हीकडचं खोटं काहीच नव्हतं बरं का, पण एकाला नुसत्या काचा दिसल्या आणि दुसऱ्याला नुसतं काळं, आणि दोघंही मार आपल्यालाच बसतोय म्हणून तापले. सीमावादाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो कुठं अडलाय हे पाच मिनिटं शांतपणे सांगणारा आम्हाला तरी दोन्ही भाषांत सापडला नाही.

सांगणार कशाला म्हणा, टीआरपी आला की जाहिरातीचा रेट वाढतो, आणि टीआरपी म्हणजे काय तर कोण काय बघतंय ते मोजायला देशातल्या मोजक्या घरांत बसवलेली मीटरं. 2020 ला मुंबईत टीआरपीचं लफडं बाहेर आलं तेव्हा न्यूज चॅनेलचे आकडे देणंच बंद केलेलं, मार्च 2022 ला परत चालू.

आता जाहिराती. नियमानं तासाला 12 मिनिटं, त्यातली 2 चॅनेलच्या स्वतःच्या प्रोमोची. पोरीनं मोबाईलवर टायमर लावला तर एक सीरियल 12 च्या सहज पुढं गेली. पैसे भरून चॅनेल घ्यायचं आणि वर हे पण बघायचं! डबल पॅकमुळं गंमत अशी की तीच आई, तोच डाग, तीच साबण पावडर दोन्ही भाषांत, ओठ मात्र दोन्हीकडं जुळत नाहीत.

सगळ्यात भारी ती वेलची. 2003 च्या कायद्यानं तंबाखूच्या जाहिराती बंद, म्हणून मोठे मोठे हीरो सूट घालून त्याच पुडीच्या नावाच्या डबीतली वेलची खातात. निपाणीचा मामा, आख्खं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलेलं, म्हणतो, "एवढी वेलची खपत असती तर मीच लावली असती की रे." मामा हसतो, पण आमचा भाचा, अजून नीट वाचता येत नाही त्याला, पानपट्टीवर टांगलेल्या माळेतली पुडी नुसत्या रंगावरनं ओळखतो आणि हीरोचं नाव सांगतो.

पाचात साडेतीन स्टार. स्पोर्ट्स काढायला सांगा नाहीतर बिल फुगतंय, आणि पावती मागून घ्या, आपणहून देत नाही.