जुन्या सुतारी मशीनचा भाव: वाढवून सांगावा की एकच पक्का?

वर्कशॉप हलवायचं किंवा मोठं करायचं ठरलं की जुनी मशिनं काढावी लागतात आणि पहिला पेच भावाचा पडतो. आपल्याकडे दोन पद्धती चालतात. मनातल्या आकड्यावर वीस-पंचवीस टक्के चढवून सांगायचं आणि घासाघिशीत खाली यायचं, ही एक. हिशेब मांडून एकच भाव लिहायचा आणि त्यावर ठाम राहायचं, ही दुसरी. मी पॅनेल सॉ, म्हणजे प्लायचे मोठे तक्ते कापायचं मशीन, पहिल्या पद्धतीनं विकला आणि रंधा मशीन दुसऱ्या. पैसे दोन्हींचे बरे आले, त्यामुळे एक पद्धत साफ चुकीची असं मी म्हणणार नाही.

पद्धत कुठलीही घ्या, तळ आणि माथा आधी माहीत हवा. तळ म्हणजे भंगार: बिडाचं वजन, किलोचा भाव आणि मोटरमधलं तांबं. त्याच्याही खाली कुणी मागत असेल तर बोलणं तिथेच थांबवावं. माथा म्हणजे तेच मशीन आज नवीन घेतलं तर दारात कितीला पडेल तो आकडा. ताळेबंदातली किंमत यात आणू नये. आयकराच्या १५ टक्के घसाऱ्यानं ६० हजारांचं मशीन दहा वर्षांत ११,८०० च्या आसपास येतं, पण बिडाचं टेबल त्या हिशेबानं झिजत नाही. उलट इलेक्ट्रॉनिक कार्डावर आणि सेन्सरवर चालणारा एज बँडर (प्लायच्या कडेला पट्टी चिकटवणारं मशीन) पुस्तकात अजून बराच शिल्लक दिसतो आणि बाजारात त्याचं कार्ड मिळत नाही म्हणून त्याला कुणी हात लावत नाही.

वाढवून सांगण्याचे फायदे खरे आहेत. आपल्याला भावाचा अंदाज नसेल तर बाजारच तो सांगतो. समोरच्याला काहीतरी कमी करून घेतल्याचं समाधान मिळतं, आणि आपल्या व्यवहारात त्या समाधानाला किंमत आहे. सगळं वर्कशॉप एकदम उचलणारा व्यापारी आला तर मीही वाढवूनच सांगेन, कारण त्याला पुढे विकायचंय आणि तो कितीही ऐकलं तरी तोडूनच मागणार.

मला नको झालं ते फोनवरचं "लास्ट किती?". मशीन पाहिलेलं नाही, मोटर किती एचपीची हे विचारलेलं नाही, थेट "दादा, फायनल बोला". भाव वाढवून ठेवलाय हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण पाच हजार उतरतो. दोन दिवसांनी माणूस येतो आणि फोनवरच्या आकड्यापासून बोलणं नव्यानं सुरू करतो. टेबलावर हात फिरवून "इथे गंज आहे", दोन हजार. बेल्टला चीर आहे, आणखी हजार. बरं, त्यातल्या काही गोष्टी खऱ्याच असतात. पण त्यांचे पैसे मी फोनवरच सोडलेले असतात आणि ते त्याच्या गावीही नसतं. याचा परिणाम असा झाला की पॅनेल सॉच्या स्कोरिंग ब्लेडची (मुख्य ब्लेडच्या आधी वरवर चीर पाडणाऱ्या छोट्या ब्लेडची) बेअरिंग आवाज करते, हे आपणहून सांगावं असं वाटत असूनही जीभ अडखळायला लागली. सांगितलं की तो दुप्पट तोडणार. जे मशीन आपण रोज पुसून, तेलपाणी करून वापरलं, त्याच्याबद्दल असं हातचं राखून बोलणं मला जमेना. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

रंध्याच्या वेळी मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं हिशेब केला. आकडे समजुतीपुरते घेऊ. तसाच नवीन रंधा आज दारात १ लाखाला पडतो. जुन्याला वॉरंटी नाही, त्या जोखमीपोटी मी तिसरा हिस्सा, म्हणजे ३३ हजार सोडतो. हा हिस्सा मोजून काढलेला नाही. स्वतः जुनं घेताना मला किती स्वस्त पडलं तर बरं वाटेल, एवढंच त्यामागे आहे. बेअरिंग, पाती आणि बेल्ट बदलायला ९ हजार. टेम्पो, हमाली आणि लागलाच तर हायड्रा, म्हणजे छोटी क्रेन, ६ हजार. उरले ५२ हजार. तोच भाव लिहायचा आणि वजाबाकीही खाली लिहायची. रंध्याला जुना चौकोनी कटर ब्लॉक (पाती धरून फिरणारा भाग) असेल तर गोल ब्लॉक बसवायचा खर्चही मी वजा करेन आणि ते ठळक सांगेन. चौकोनी ब्लॉकवर हात खोल ओढला जातो, तिथे भावापेक्षा बोटं महत्त्वाची.

या पद्धतीत दोष लपवायचं कारणच उरत नाही, कारण त्याचे पैसे आधीच वजा झालेले असतात. रंधा घ्यायला एक मिस्त्री आले. त्यांनी आधी मेन स्विच बंद करायला लावला आणि ब्लॉक हातानं सावकाश फिरवून पाहिला. मग टेबलावर स्टील पट्टी उभी धरली आणि पलीकडून मोबाइलची बॅटरी मारली. मधोमध केसाएवढा उजेड दिसला. "टेबल किंचित बसलंय," ते म्हणाले. मी त्यांना कागद दाखवला, त्यात ते लिहिलेलं होतं. मग सागाची एक फळी टाकली. दोन्ही टोकं सारखी आली, फळीच्या शेवटाला खड्डा पडला नाही. भावावर बोलणं फार झालं नाही.

पक्क्या भावाचा तोटा म्हणजे फोन कमी येतात, आणि सुरुवातीच्या शांततेत धीर सुटतो. काही जणांना "एक रुपयाही कमी नाही" हे लागतं. "आमचा थोडा तरी मान ठेवा" म्हणतात आणि त्यांचं चूक नाही. अशा वेळी मी पैशांऐवजी वस्तू देतो. जास्तीचा पात्यांचा जोड, स्टार्टर, पाती लावायचं गेज. आपल्याकडे ते नुसतं पडून राहणार, त्याला पहिल्या दिवसापासून उपयोगी. भाव मात्र लिहिलेलाच राहतो.

आणखी एक, कराचं आधी स्पष्ट करावं. जीएसटी नोंदणी असेल तर "भाव करासह की कर वेगळा" हे पहिल्याच ओळीत लिहा. सौदा ठरल्यावर १८ टक्क्यांचा विषय निघाला की हिशेबाचा कागद कितीही चोख असो, विश्वास जातो. नोंदणी असलेल्या गिऱ्हाइकाला तो कर पुढे वळता करता येतो, घरगुती काम करणाऱ्या सुताराला येत नाही. दोघांना तेच मशीन वेगळ्या भावाला पडतं.

तुमचं मशीन सहसा बाजारात न दिसणारं असेल, किंवा नवीन कितीला मिळतं याचा पत्ताच लागत नसेल, तर वाढवून सांगणंच बरं पडेल. रंधा, पट्टी करवत, साधी गोल करवत, फळीची जाडी सारखी करणारा थिकनेसर अशा नेहमीच्या मशिनांना मी तरी वजाबाकी लिहून पक्का भाव सांगेन. दसरा आणि पाडव्याच्या आधी महिनाभर जाहिरात लावावी. नवीन वर्कशॉपचा मुहूर्त बरेच जण तेव्हाचा धरतात. तोवर कुणी आलंच नाही, तर जाहिरातीतला आकडाच सगळ्यांसाठी खाली आणावा आणि आधी येऊन मशीन पाहून गेलेल्यांना स्वतः फोन करून नवा भाव कळवावा.