हलकी गाडी की वजनदार? सातारच्या घाटांचा हिशेब

साताऱ्यात गाडी घ्यायची म्हटली की घरातलं जाणतं माणूस आधी दार आपटून बघतं. 'धप्प' झालं की गाडी मजबूत, 'टण्ण' वाजलं की पत्र्याचा डबा. त्या आवाजावर पैसे लावू नका. तो दाराच्या रबरावर आणि आत चिकटवलेल्या पॅडवर बराच अवलंबून असतो. वजन बघायचंच असेल तर आरसीवर मोकळ्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, तिथून सुरुवात करा.

समजा दोन गाड्यांत तुमचं अडलंय. एक डिझायरसारखी पेट्रोल सेदान, मोकळी साधारण ९२५ किलो. दुसरी लॅडर चासीवरची, म्हणजे खाली शिडीसारखी वेगळी पोलादी फ्रेम आणि तिच्यावर बॉडी असलेली सात आसनी डिझेल, १९०० किलोच्या आसपास. दोन्हींत चार माणसं आणि सामान मिळून सव्वातीनशे किलो टाका. म्हणजे १२५० विरुद्ध २२२५.

आता वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चला. चढण पावणेसहाशे मीटरच्या आसपास. इंजिनं नेहमीच्या कार्यक्षमतेने चालली असं धरून नुसतं उंचावर जायला सेदानला अंदाजे ०.९ लिटर पेट्रोल लागतं आणि दुसरीला १ लिटरच्या थोडं वर डिझेल. फरक एवढासाच दिसतो, कारण डिझेल इंजिन तेवढ्याच इंधनातून जास्त काम काढतं आणि वजन झाकून टाकतं. तीच जड गाडी पेट्रोलमध्ये घेतलीत तर दीड लिटर जातं. 'आमची महिन्यातून एकदाच बाहेर निघते' म्हणत वजनदार पेट्रोल घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

सपाट हायवेवर, पुणे-बंगळूर रस्त्याला ९०च्या वेगात, हे गणित बदलतं. हवेचा विरोध गाडीचं वजन विचारत नाही, उंची-रुंदी आणि आकार विचारतो. उंच, चौकोनी गाडीचं ॲव्हरेज तिथे मार खातं ते वजनापेक्षा आकारामुळे. वजन पैसे मागतं ते चढावर आणि गर्दीत, पुन्हा पुन्हा थांबून निघताना. पोवई नाका ते राजवाडा अशी रोजची फेरी असणाऱ्याला हायवेचं ॲव्हरेज काय कामाचं?

खरा फरक उतरताना कळतो. चढताना जी ऊर्जा घातली ती खाली येताना कुठेतरी जिरवावीच लागते. सगळी ब्रेकवर टाकली तर पाचगणीहून वाईला येईपर्यंत सेदानच्या ब्रेकमध्ये २२ लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता तयार होते. जड गाडीत ४० लिटरची. हवा आणि टायर यातली काही घेतात, बाकीची इंजिनने घ्यावी म्हणून दुसऱ्या गिअरवर उतरायचं. घाटाखाली एखादी गाडी बाजूला घेतलेली असते, चाकातून जळका वास येत असतो, ती बहुधा न्यूट्रलवर उतरलेली असते. जड गाडीला डिस्क मोठ्या दिलेल्या असतात, पण चुकीला माफी हलक्या गाडीत जास्त आहे.

मग अपघातात? इथे वजनवाल्यांची बाजू खरी आहे, पण अर्धीच. १००० आणि २००० किलोच्या गाड्या प्रत्येकी ५०च्या वेगाने समोरासमोर भिडल्या आणि एकमेकींत अडकल्या, तर जड गाडीचा वेग ३३ने बदलतो, हलकीचा ६७ने. आतल्या माणसाला झटका त्याच हिशेबाने बसतो. हे भौतिकशास्त्र आहे, त्यात सूट नाही. पण ऊसतोडीच्या दिवसांत कराड-सांगली भागात रात्री दिवा नसलेली ट्रॉली मागून ठोकली, तर तिच्यापुढे दोन्ही गाड्या हलक्याच. आणि झाडावर आदळलात तर जास्त वजन म्हणजे जिरवायला जास्त ऊर्जा. तिथे वाचवतं ते पुढचा भाग कसा दुमडतो आणि केबिन कशी टिकते ते.

पुरावा हवा असेल तर गाड्या आदळवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचण्या बघा. २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले. २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच. आणि २०२४ मध्ये डिझायरलाही पाच! वजनाने दोन्हींत जवळपास दुपटीचा फरक. फक्त एक ध्यानात ठेवा, ही चाचणी म्हणजे साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी टक्कर. पाच तारेवाली हलकी गाडी पाच तारेवाल्या जड गाडीशी भिडली तर वरचं ३३-६७ लागू होतंच.

कमी लोखंडातून जास्त ताकद काढण्याची ही धडपड जुनीच. फोर्डने १९०८ मध्ये मॉडेल टी काढली ती व्हॅनेडियम हा धातू मिसळलेल्या पोलादाने. मजबूत असल्याने कमी माल पुरला आणि गाडी साधारण ५४० किलोत बसली. आपल्याकडे अँबेसेडर हजार किलोच्या वर, तर १९८३ ची मारुती ८०० साधारण ६५०. लोक हसले, आणि घेतलीही. दोन्हींचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात तयार होणारी प्रिया स्कूटर आठवते? व्हेस्पाच्या घराण्यातली असल्याने तिला वेगळी फ्रेम नव्हती, दाबून घडवलेला पत्राच भार उचलायचा. 'चासी नाही म्हणजे दम नाही' म्हणणाऱ्यांनी तिच्यावर अख्खं कुटुंब बसवून नेलंय.

लॅडर चासी वाया आहे असं मात्र मी म्हणणार नाही. पाटण किंवा जावळीच्या वाडीवर रोज जायचं असेल, आल्याची पोती टाकायची असतील, मागे काही ओढायचं असेल, तर तीच घ्या. मोठ्या खड्ड्यांचे दणके ती वर्षानुवर्षं सोसते. पण पावसात काळ्या रानात दोन टनांची गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. हलकी चारजण ढकलून काढतात.

शहरातच राहणं, पंधरवड्याला पुणे, कधी महाबळेश्वर, एवढंच असेल तर माझं मत सरळ हलक्या पाच तारेवालीला. इलेक्ट्रिक बघत असाल तर बॅटरीमुळे ती जड असणारच, पण घाट उतरताना मोटर जनरेटर होते आणि चढाला घातलेल्यातलं बरंच परत येतं. तिथे जड असण्याचा दंड कमी बसतो.

टेस्ट ड्राइव्ह बहुतेकदा हायवेच्या सर्व्हिस रोडवर, एकट्याने देतात. त्यात वजनाबद्दल काहीच कळत नाही. यवतेश्वरचा घाट मागा. घरची चारही माणसं बसवा, एसी चालू ठेवा, मध्यावर वळणात गाडी थांबवून पुन्हा उचला. आणि उतरताना स्टिअरिंग तुमच्याच हातात घ्या.